आल्याच्या वड्या आणि वरचा पलंग

"मला सोडायलाही कोणी यायचं नाही आणि आणायलाही," असं मी अल मजाजच्या आमच्या फ्लॅटच्या दारात चांगलं मोठ्याने सांगितलं. समोर माझी लेक मृणाल गाडीची किल्ली बोटात फिरवत उभी होती. निदान बस स्टँडपर्यंत तरी, असं तिचं म्हणणं. मी तिचीच जुनी ट्रेकिंगची सॅक पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि लिफ्टचं बटण दाबलं. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरे, पण सॅक नीट बसली.

प्रकरण असं होतं. हे गेल्याला वर्ष झालं आणि शारजातल्या या घराचा करार आता संपत आला आहे. मृणालने दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या तिच्या घरात माझी खोली तयार ठेवली आहे, पडद्यांचा रंगसुद्धा माझ्या आवडीचा. मला मात्र नाशिकला आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटीने राहायचं आहे. हे ऐकल्यावर ती म्हणाली होती, "आई, तू आयुष्यात एक रात्र तरी एकटी राहिली आहेस का? बी ऑनेस्ट." नव्हते राहिले. आधी माहेर, मग सासर, मग हे. म्हणून पैज लागली. मी बॅकपॅकवाल्या पोरांसारखं, बसने, स्वस्तात, एकटीने एका बेटावर दोन रात्री राहून यायचं. मदतीसाठी घरी फोन केला तर नाशिक विसरायचं. नाही केला तर मृणालने नाशिकच्या विरोधात अवाक्षर काढायचं नाही.

बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्याला जायचं आहे त्याने नकाशा उघडावा आणि अबू धाबीपासून दुबईच्या विरुद्ध दिशेला, पश्चिमेकडे बघावं. शारजाहून अबू धाबी एक बस, तिथून वाळवंटाच्या कडेने दुसरी, मग जेट्टीपर्यंत टॅक्सी. दुसऱ्या बसमध्ये सगळे कामावर निघालेले पुरुष होते. मला बघून पुढच्या दोन सीट झटकन रिकाम्या झाल्या आणि एकीवर मी, दुसरीवर सॅक, अशा आम्ही ऐसपैस गेलो. खिडकीबाहेर तासन्‌तास वाळू आणि विजेचे खांब होते. कंटाळा आला, पण तो माझ्या एकटीचा कंटाळा होता आणि त्याबद्दल मला कोणी "बोअर झालीस का?" असं विचारत नव्हतं.

फेरीबोटीवर बायकांची खोली वेगळी असते. तिथे माझ्या शेजारी काळा पायघोळ अबाया घातलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. बोट किनारा सोडून थोडी हलायला लागली तशा त्या पिवळ्या पडल्या. मी सॅकमधून आल्याच्या वड्यांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरला. आपल्याकडे असा डबा पुढे केला की समोरचा एक वडी उचलतो आणि "पुरे, पुरे" म्हणतो. बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, एक वडी तोंडात टाकली, झाकण लावलं आणि अख्खा डबा आपल्या पिशवीत ठेवला.

"सब मेरे लिए? माशाल्ला. अल्ला तुमको खुश रखे," त्या म्हणाल्या. जुन्या पिढीतल्या इथल्या लोकांना हिंदी छान येतं. आपलं नाव त्यांनी उम्म राशिद (राशिदची आई) असं सांगितलं.

आता काय बोलणार? तो डबा माझ्या लग्नात आईने दिलेला. झाकणावर "विजया" असं माझं नाव कोरलेलं, तेही आईने भांडेवाल्याच्या डोक्यावर उभं राहून कोरून घेतलेलं. सासरची भांडी वेगळी, ही तुझी, असं ती म्हणाली होती. मी नुसती हसले. बेटावर उतरल्यावर उम्म राशिदला न्यायला कोणाची तरी गाडी आली आणि माझा डबा तिच्यासोबत निघून गेला. मला इतकं वाईट वाटलं की जेट्टीवरच बसावंसं वाटलं. पण रडायला आलेली नव्हते, म्हणून चालू लागले.

माझं लॉज गावाच्या टोकाला. खाली स्वयंपाकघर, वर तीन खोल्या आणि प्रत्येक खोलीत दुमजली पलंग. चालवणारा ॲग्नेल, वसईचा. माझं नाव वाचल्याबरोबर त्याचा चेहरा फुलला.

"काकू, एकट्याच? मिस्टर नाही आले?"

"ते वर गेले."

तो आधी जिन्याकडे बघायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. "सॉरी काकू. घरचा कोणाचा तरी नंबर द्या, सगळ्यांचाच घेतो." मी मृणालचा नंबर दिला. तिथेच घोटाळ्याची पायाभरणी झाली, पण तेव्हा मला काय ठाऊक.

बायकांच्या खोलीत जॉय आणि लिझा नावाच्या दोन फिलिपिनो मुली आधीच होत्या. जबल अलीच्या एका गोदामात पॅकिंगचं काम करतात आणि सुट्टी मिळाली की सॅक उचलून कुठेतरी जातात. माझ्या वाट्याला वरचा पलंग आला होता. जॉय लगेच म्हणाली, "मदर, यू टेक डाउन बेड." मी नको म्हटलं. खालचा घेतला असता तर मृणालला काय तोंड दाखवलं असतं? शिडीच्या कांबी तळव्याला रुतत होत्या. दोघी खालून हात पसरून उभ्या, जणू मी नारळ आहे. चढले खरी. उतरायचं कसं याचा विचार केला नव्हता, त्यामुळे दोन्ही दिवस संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब घेतला नाही.

उष्ण प्रदेशातलं बेट म्हटलं की आपल्याला माडांची दाटी आठवते. इथे खजुराची झाडं, तीही रांगेत लावलेली. समुद्र मात्र असा हिरवा की साडी निवडताना हाच रंग दाखवा म्हणावं. मच्छीमारांच्या बोटी, खारवलेल्या माशांचा वास, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या शेळ्या. एका केरळी हॉटेलात परोटा आणि तळलेली शेरी (इथला आवडता मासा) खाल्ली. बारा दिरहम झाले. मी सवयीने मनात रुपये करायला घेतले आणि मधेच सोडून दिले. मासा ताजा होता, मला भूक होती, एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉजमागच्या वाळूत "नाइटलाइफ" भरलं. दारू नव्हती. एक शेगडी, एक स्पीकर, जॉयचा दिवे लुकलुकणारा माईक आणि ठिकठिकाणची नोकरदार तरुण मंडळी. एकामागून एक सगळे गायले. मग माईक माझ्याकडे आला.

"मदर, युवर टर्न."

मला गाता येत नाही. मी माईक वाळूत ठेवला, लिझाचे दोन्ही हात पकडून कैची केली, पावलं जुळवली आणि तिला मागे झुकायला सांगितलं. आधी ती घाबरली. मग आम्ही गरागरा फिरलो. मंगळागौरीत मी फुगडी शेवटची घातली तेव्हा मृणाल पोटात नव्हती. गुडघा ओरडत होता, मी त्याला ओरडू दिलं. थांबलो तेव्हा आकाश फिरतच होतं आणि पुढच्या फुगडीसाठी रांग लागली होती. त्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणालाही माझी काळजी करायला बसवलेलं नव्हतं. मी फार खुश होते.

रविवारी सकाळी वारा सुटला. परतीच्या दोन्ही फेऱ्या रद्द. लॉजमध्ये नवी बुकिंगं होती, खाटा भरलेल्या. जॉय आणि लिझा ओळखीच्या मैत्रिणीकडे गेल्या, मलाही ओढत होत्या, पण तिथे आधीच चौघी एका खोलीत होत्या. मी जेट्टीवरच्या बायकांच्या प्रतीक्षागृहात सॅक ठेवली. बाक लांब होता, पंखा चालू होता, रात्र निघाली असती. तेवढ्यात मृणालचा फोन.

"आई, खलास. यू लॉस्ट. मी येतेय."

"मी तुला फोन केला का?"

"ॲग्नेल अंकलनी केला. म्हणाले, काकू अडकल्यात, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मी तडक लॉजवर गेले. ॲग्नेल कांदा चिरत होता.

"तुला कोणी सांगितलं होतं फोन करायला?"

"काकू, आपलं माणूस म्हणून केला. माझी आई असती तर..."

"तुझी आई असती तर तुझ्या हातातला फोन काढून घेतला असता."

त्याने सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "माझी खोली घ्या काकू, मी किचनमध्ये झोपतो." माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. आपल्या माणसांचं प्रेम तुम्हाला न विचारता तुमच्या घरी फोन करतं आणि वर तुम्ही आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा असते. मी खोली नाकारली आणि पुन्हा बाकावर येऊन बसले. नाशिक हातचं गेलं, असं वाटत होतं.

दुपार कलताना प्रतीक्षागृहाचं दार उघडलं. उम्म राशिद. हातात माझा डबा.

"फेरी बंद, तो मालूम था तुम इधर होगी," ती माझ्याशेजारी टेकत म्हणाली. "हमारे इधर बर्तन खाली नहीं देते. कल खजूर साफ किया, आज तिल डाला. अब लो."

झाकण उघडलं. आत तुपात परतलेल्या पिठात घोळलेले, तीळ लावलेले खजूर, काठोकाठ. आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फिर झगड़ा क्या है? चलो घर."

तिचं घर मोठं होतं आणि त्यात ती एकटी. मुलं अबू धाबीत. मला बोटीवर भेटली तेव्हा ती त्यांच्याकडूनच परत येत होती. "बोलते हैं, उधर आओ, कमरा तैयार है," ती कहवा (वेलदोडा घातलेली अरबी कॉफी) ओतत म्हणाली. "मैं बोलती हूँ, तुम्हारा कमरा भी इधर तैयार है. यल्ला, आओ." आणि इतकी हसली की कप हिंदकळला. मी तिच्या ओट्यावर पिठलं केलं. तिला ते फार आवडलं नाही आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं.

सोमवारी वारा पडला. पलीकडच्या जेट्टीवर मृणाल गाडीला टेकून उभी होती, रजा टाकून आलेली. तिने सॅककडे हात केला. मी सॅक सोडली नाही.

"आई, प्लीज. गाडीत बस."

"ठरलं होतं तसं, बसने. दोनाच्या जागी तीन रात्री राहिले आणि फोन मी केला नाही."

"मला भीती वाटली ना."

"वाटू दे. मलाही वाटली होती. भीती वाटली म्हणून घर बदलायचं नसतं."

ती गाडीत जाऊन बसली. मी टॅक्सी केली आणि बस पकडली. अबू धाबीपर्यंत माझी लेक बसच्या मागे गाडी चालवत आली. मागच्या काचेतून दिसत होती, गॉगल लावलेली, ओठ आवळलेली. अगदी माझ्या आईसारखी. बस स्टँडवर ती माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली, माझ्या मांडीवरचा डबा उघडला आणि एकेक करत सगळे खजूर खाल्ले. सकाळपासून उपाशी होती. मग म्हणाली, "डबा मी धुऊन आणते," आणि घेऊन गेली. मी शारजाची बस पकडली.

स्वस्तातल्या प्रवासाचा फायदा मला एवढाच कळला की त्यात तुम्हाला सांभाळायला कोणी ठेवलेलं नसतं, मग तुम्ही स्वतःला सांभाळता. एवढ्यासाठी बेटावर जायला लागावं, हे काही फार अभिमानाचं नाही. पण मी गेले.

पुढच्या शनिवारी मृणाल आली. डब्यात आल्याच्या वड्या होत्या, तिने आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या. पाक बिघडला होता आणि वड्या दाताला चिकटत होत्या. मी दोन खाल्ल्या. ती स्वयंपाकघरात गेली, कपाटं उघडून बघत बराच वेळ उभी राहिली.

"आई, नाशिकला मिक्सर आहे, की हा नेतेस?"

"हा नेते," मी म्हटलं.