धुळीची वानगी

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एक मी आणि दुसरी माझी मोठी जाऊ. दोघींचे नवरे गेले, मुलं पोटापाण्यासाठी लांब गेली आणि धाड गावातल्या या घरात आम्ही दोघीच उरलो. लोक विचारतात, जावाजावांचं जमतं कसं? मी सांगते, जमतं कुठं, रोज भांडतो. पण भांडायलाही समोर माणूस लागतं की नाही!

घराच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचं खळं. रस्त्यावरून दिवसभर एसट्या, जीपा, ट्रॅक्टर धावतात. दसऱ्यानंतर खळ्यावर सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं, की कुटाराचा बारीक भुसा खिडकीतून थेट आमच्या पातेल्यांवर येऊन बसतो. फरशी झाडून पाठ फिरवावी, तर मागे पुन्हा पावलं उमटतात.

जाऊबाईंना दमा आहे. झाडू हलला की त्यांची छाती वाजू लागते, म्हणून मी झाडायला घेतलं की त्या मागच्या अंगणात जाऊन बसत. त्यातच गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, वाकून झाडताना डोळ्यांत पाणी येई. कामाला बाई लावली होती, पण कापसाची वेचणी लागली की ती येईनाशी होते. तिचं तरी काय चुकलं? हंगाम तिलाही साधायचाच असतो. मग दिवस-दिवस झाडलोट होईना, धूळ साचली, आणि एका दुपारी जाऊबाईंचा दमा असा उसळला की त्यांना जीपमध्ये घालून बुलढाण्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, अकोल्याहून धावत आली. आईच्या तोंडावर वाफेचा मास्क पाहून रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “काकू, राग मानू नका, पन आता आईले इथी ठेवनार नाई मी. दिवाळी झाली की गाडी घेऊन येईन अन् घेऊन जाईन.”

एरवी ती फोनवरून सल्ले द्यायची तेव्हा मी तिला ‘उंटावरून शेळ्या हाकू नको’ म्हणून गप्प करायची. त्या दिवशी मात्र पोरीचं बोलणं खरं होतं. आणि जाऊबाई गेल्या तर या घरात मी भिंतींशी बोलणार होते, हेही खरं होतं. मला भीती वाटली, सरळ सांगते.

नुसती सोबत जाईल एवढंच नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला अंगण झाडता येत नव्हतं. चिखलीच्या मास्तरांची मुलगी, पुस्तकात नाक खुपसून वाढलेली. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात वाटण्या करून दिल्या. मागचं अंगण थोरलीकडे, ओसरी आणि पुढचं अंगण धाकटीकडे. उन्हं यायच्या आत झाडून झालं नाही, तर दिवसभर माहेरचा उद्धार! मी उठून बघावं, तर माझी ओसरी लख्ख झाडलेली, अंगणावर सडा पडलेला आणि झाडू माझ्या खोलीच्या दाराआड ठेवलेला. जणू मीच झाडलं आणि मीच ठेवला. माझा हात बसेपर्यंत जाऊबाई हे करत राहिल्या. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि जाऊबाईंनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, धूळ उडाली नाही पाहिजे, ओढून घेणारं मशीन आणा. माझ्या मुलानं पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवले. एकेक मशीन म्हणजे पिठाच्या गिरणीची धाकटी बहीण. मी म्हटलं, हातात धरून पाहिल्याशिवाय मी काही घेणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, “मी बी येतो. तू भोळी हाय वं, कोनी काई बी गळ्यात मारन तुह्या.” दमेकरी बाई, पण ऐकेना. एसटीत बसताना पाहिलं, तर पदराच्या टोकाला गाठ. मला वाटलं, सुपारी असेल.

बुलढाण्याच्या दुकानदारानं आधी मोठा ड्रमवाला व्हॅक्युम क्लीनर पुढे ओढला. “मावशी, याची पावर पाहा!” मी तो उचलायला गेले आणि खांद्यातून अशी कळ आली की पावर मला तिथंच कळली. दुसऱ्याला चाकं होती. पण आमच्या स्वयंपाकघराला उंबरा आहे, न्हाणीकडे पायरी आहे, तिथं चाकांचा काय उपयोग? तिसरा हलका होता, पण त्याचं बटण सारखं दाबून धरावं लागायचं, माझा अंगठा तेवढ्यात दुखला. चौथा मात्र बारीक दांडीचा, वायर नसलेला. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, आणि धुळीचा डबा बोटानं उघडणारा. मी तो डाव्या हातानं उचलला, दुकानाची पायरी चढले-उतरले, पंख्याच्या दिशेनं वर केला. भरल्या तांब्यापेक्षा थोडासाच जड. दुकानदार हसून म्हणाला, “मावशी, घ्यायचा आहे की लेझीम खेळायचं आहे?”

तेवढ्यात जाऊबाईंनी पदराची गाठ सोडली. त्यात सुपारी नव्हती. घरच्या कोपऱ्यातली धूळ होती, कुटाराच्या भुश्यासकट. त्यांनी ती त्याच्या चकचकीत फरशीवर सरळ ओतली.

“आजी, काय करता हो! आत्ताच पुसली होती!”

“बाजारात जवारी न्यायच्या आंधी वानगी दाखवा लागते ना बाबू? मुठीत घेऊन, डोयानं पाहून भाव होते. हे आमच्या घरची वानगी. उचलते का दाखव. हाताच्या काकनाले आरसा कायले?”

दुकानदारानं निमूटपणे मशिनं चालवली. ड्रमवाल्यानं धूळ क्षणात गिळली, पण मागच्या बाजूनं गरम वारा फेकला आणि जाऊबाईंना ठसका लागला. मी चिडले, त्यांचा हात धरून बाहेर ओढू लागले. त्या हलेनात. ठसका थांबल्यावर राहिलेली धूळ त्यांनी बारीक दांडीच्या मशीनसमोर ओतली आणि मुद्दाम तोंडावरचा पदर काढून उभ्या राहिल्या. दुकानदारही श्वास रोखून पाहत होता. धूळ गेली. जाऊबाई खोकल्या नाहीत. “हाच दे,” त्या म्हणाल्या.

इतकी पारख करून आणलेल्या मशीनची आम्ही पहिल्याच दिवशी वाट लावली. झाडण्याआधी जमिनीवर पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही, ही आमच्या हाडीमासी खिळलेली रीत. जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे तांब्या घेतला आणि खोलीभर पाणी शिंपडलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हटलं, बरं झालं, मशीनला सोपं जाईल. बटण दाबलं. मशीन थोडं चाललं, मग घुरघुरलं आणि बंद पडलं. डबा उघडला तर आत चूल लिंपायला पुरेल एवढा चिखल.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, आणि भाऊबीज झाली की पुतणी येणार. मी फरशीवर बसून रडले. जाऊबाई चिखलाकडे बघत म्हणाल्या, “जित्याची खोड हाय माय, मेल्याबिगर जात नाई.” आणि त्या बोलण्यावर आम्ही दोघी रडता रडता हसलो.

दुकानदाराला फोन केला. वाटलं, हात झटकेल. पण तो भला माणूस म्हणाला, “मावशी, पाणी मारलं असेल ना? माझ्या आईनं पण हेच केलं होतं. डबा आणि जाळी धुवा, सावलीत खडखडीत वाळू द्या, तोवर बटण दाबू नका.” त्याचे उपकार मी विसरणार नाही. जाळी खाटेवर वाळत घातली. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून जाऊबाई मशीनच्या दांडीकडे वळल्या. मी ओरडले, “कोरडंच लावा!”

पुतणी ठरल्याप्रमाणे भाऊबीज झाल्यावर संध्याकाळी आली. आईची पिशवी भरून तिनं दाराशी ठेवली. मी जाळी बसवून मशीन कोपऱ्यात उभं केलं होतं, पण बटण दाबायचा धीर मला झाला नाही. नाही चाललं तर? तशीच झोपले.

सकाळी घूं घूं आवाजानं जाग आली. बाहेर आले तर पुतणी चौकटीत उभी होती आणि ओसरीवर जाऊबाई एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातानं मशीन पुढे ढकलत होत्या. माझ्या खांद्यासाठी हलकं पाहून आणलेलं ते मशीन त्यांच्या हातालाही पेलत होतं. मी त्यांच्या छातीकडे कान लावून उभी राहिले. छाती वाजत नव्हती.

“आई, तू काऊन करून राह्यली?” पुतणी म्हणाली.

“तुह्या काकूचा खांदा दुखते. ओसरी तिच्याकडं हाय ना, मंग ते झाडाची राह्यली असती.”

पुतणीनं आईच्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास पाहिला. मग दाराजवळची पिशवी तिनं उचलली आणि आत नेऊन ठेवली. “काकू,” ती म्हणाली, “दवा वेळेवर देजा, अन् जरा बी त्रास झाला तर फोन करजा मले.” मी मान हलवली.

जाऊबाईंनी ओसरीचा शेवटचा कोपरा काढला, बटण दाबून मशीन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता ते माझ्या खोलीच्या दाराआड नेऊन ठेवलं.