लाभाचा टोपला

गुलाब दुर्गेच्या भट्टीची कार्यक्षमता निघाली एकशे पाच टक्के.

मार्गदर्शक सबनीस सरांनी त्याची वही दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "वा, दुर्गे! शंभराचं तूस घालायचं आणि एकशे पाचाची वाफ काढायची. मग जगाला कोळसा कशाला हवा? तुमच्या बल्लारपूरच्या खाणींना कुलूप लावायला सांगू या का?"

"सर, रीडिंग मी स्वतः घेतलेत."

"घेतलेत, की घरी बसून भरलेत?"

गुलाबनं वही घ्यायला हात पुढं केला. सर शांतपणे म्हणाले, "सोमवारी पाच वाजता प्रबंध जमा. एक मुदतवाढ झाली, दुसरी नाही. आकडे असेच राहिले तर मी सही करणार नाही. का केली नाही, तेही लिहीन."

म्हणजे एम.टेक. तर गेलंच, वर खोट्या आकड्यांचा शिक्का. सत्याऐंशीचा मे महिना, बुधवार. तिकडे बल्लारपूरच्या रेल्वे यार्डात गुलाबचा बाप, पत्रू गँगमन, ज्याला-त्याला सांगत सुटला होता, "आमचा गुलाब नागपूरले यमटेक करून राह्यला. इंजिनियरचाबी इंजिनियर!"

काम हिवाळ्यात झालं होतं. मूल गावाजवळच्या एका राईस मिलीत धान वाफवायचा बॉयलर होता, तो तुसावर चाले. किती तूस जळलं आणि किती वाफ झाली, हे गुलाबनं दोनशे सोळा तास मोजलं. एका अंगाला पाण्याची नळी आणि दाबाचं घड्याळ घेऊन तो. दुसऱ्या अंगाला भट्टीत तूस टाकणारा म्हातारा सुकलू. टोपला दहा किलोचा, तोलून ठरवलेला. मिलीच्या धडधडाटात तास भरला की सुकलू आकडा ओरडे अन् गुलाब तो लिहून घेई.

रात्रंदिवस एक करून त्यानं सगळं तपासलं. वाफेचे तक्ते बरोबर, काटा बरोबर, गुणाकार बरोबर. तरी एकशे पाच! गुरुवारी तो एस.टी.नं मूलला गेला. पुन्हा मोजू म्हटलं, तर मिल बंद. बॉयलरचे नळ खोलून अंगणात मांडलेले, मोडक्या हाडांसारखे. गुलाब तुसाच्या ढिगावर मटकन बसला. रडू आलं, ते डोळ्यात तूस गेल्याच्या नावावर खपवलं.

पलीकडे सुकलू मालकाचं बियाणं कुडवाच्या मापानं मोजून पोत्यात भरत होता. "लाभ... एक... दोन..."

गुलाब ताडकन उठला. "भाऊ, पह्यला काऊन नाई मोजला?"

"लाभ म्हनलं ना."

"मंग पुढचा दोन व्हाले पायजे!"

"लाभ देवाचा असते, बाबू. तो मोजात येत नाई. तुमच्या घरी नाई म्हनत का?"

दुर्ग्यांच्या घरी मोजायला रास आली होती कधी? तीन पिढ्या भूमिहीन. धान्य यायचं ते राशनच्या दुकानातून, तागडीत तोलून.

"अन् हिवाळ्यात, तुसाच्या टोपल्याले?"

"दर तासाले नवा मोज करा, तुमीच सांगतलं. नवा मोज म्हनजे नवा लाभ."

म्हणजे वहीत दोन, भट्टीत तीन! गुलाबनं काडीनं मातीवर हिशेब केला. सत्तर टक्क्यांच्या आसपास. सत्तर! तो हसला, आणि हसू तिथंच आटलं. दोनशे सोळा ठिकाणी एक-एक वाढवायचा? लबाड माणूस अगदी हेच करेल.

"भाऊ, उद्या नागपूरले चला. साहेबापुढं सांगा."

"काऊन? माह्याकडून चोरी झाली का?"

"नाई. माह्यावर आली हाये."

शुक्रवारी सरांनी सुकलूला खुर्ची दिली. "बाबा, तासाला किती टोपले टाकत होतात?"

"दोन, साहेब. कधी तीन. देवाची आन."

गुलाब पुढं सरसावला. "भाऊ, लाभाचा सांगा ना!"

"त्याले मोजात धरलं का बरकत जाते. मी नाई सांगत," सुकलू डोळे वटारून म्हणाला.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "दुर्गे, साक्षीदार तुमचाच ना?"

आता हरायला काही उरलंच नव्हतं. गुलाबनं टेबलावरच्या खोक्यातले थोडे खडू सुकलूपुढं ओतले. "भाऊ, हे मोजून सरांच्या हातात द्या."

"लाभ," म्हणत सुकलूनं पहिला खडू सरांच्या तळव्यावर ठेवला. "एक... दोन... तीन... चार... पाच. झाले."

सरांनी तळव्यावरचे खडू बोटानं मोजले. पुन्हा मोजले.

"सहा आहेत, बाबा."

"पाच, साहेब. अन् लाभ."

मग खडूनं पांढऱ्या झालेल्या हातानंच त्यांनी वही उघडली, पहिल्या दोनाशेजारी पेन्सिलीनं तीन लिहिले आणि कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. मग पेनाचं टोपण परत लावलं.

"सगळी गणितं नव्यानं करा. आणि हा लाभ काय प्रकार आहे, त्याचं एक पान. परीक्षकांना मी तोंडानं सांगत बसणार नाही."

"सर, मुदत—"

"सोमवारी पाच. पाच म्हणजे पाच, दुर्गे."

बाहेर सुकलूनं विचारलं, "तुमी वाचले का, बाबू?"

"माईत नाई, भाऊ."

दोनशे सोळा गणितं, तीन दिवस, शिवाय टायपिस्ट रविवारी सुटीवर. गुलाबनं व्हरांड्यातच फतकल मारलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं.