परबांचं जानवस

गुरुवारी सकाळी शर्लीचा फोन आला तेव्हा मी ताटावरून उठूनच बोलत होते. आठवडाभर माझं जेवण असंच चाललं होतं.

"पिकअप अजून शून्य आहे गं," ती म्हणाली. "उद्या दुपारी सिस्टिम सगळ्या रूम सोडून देणार. मग मला सांगू नको."

शर्ली अंधेरी ईस्टच्या एका हॉटेलात ग्रुप बुकिंग बघते. मरोळ गावठाणातली, तोंडाने फटकळ, मनाने सरळ. मी लग्नांची व्यवस्था लावून देते. माझं ऑफिस म्हणजे मुलुंडच्या घरातली एक खोली आणि दोन मोबाईल. आम्ही दोघी मिळून आमच्या क्लायंटच्या नावाने खडे फोडतो, अशी आमची मैत्री.

पिकअप म्हणजे काय ते सांगते. लग्नासाठी हॉटेल तुमच्याकरता काही खोल्या धरून ठेवतं, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातल्या किती खोल्या खरंच पाहुण्यांच्या नावावर लागल्या, तो पिकअप. आमचा ब्लॉक होता कर्टसी ब्लॉक. म्हणजे हॉटेल खोल्या फुकट धरणार, पाहुण्यांनी लिंकवर जाऊन आपापली खोली ग्रुपच्या दरात बुक करायची, आणि ठरलेल्या तारखेला उरलेल्या खोल्या हॉटेल परत घेणार. त्या तारखेला म्हणायचं कट-ऑफ. दुसरा प्रकार गॅरंटीड ब्लॉक. त्यात खोल्या तुमच्याच, पण रिकाम्या राहिल्या तरी पैसे तुम्हीच भरायचे.

कर्टसी ब्लॉक प्राजक्ताने निवडला होता. प्राजक्ता सावंत, म्हणजे नवरी. भांडुपची, सॉफ्टवेअरमध्ये, लग्नाचा खर्च स्वतः करणारी. वडील कारखान्यातून रिटायर झालेले. पहिल्याच मीटिंगमध्ये ती म्हणाली होती की एवढ्या माणसांची गॅरंटी मी का घेऊ, ज्याला राहायचंय तो बुक करेल. मला पटलं. इतका व्यवहारी विचार करणारं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात क्वचित मिळतं. सावंतकाका तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी चहा मात्र न पिता तसाच ठेवला.

मुलाकडचे परब, कुडाळजवळच्या गावातले. लग्नाच्या आदल्या दिवशी बस करून येणार होते. नवऱ्या मुलाने, निखिलने, लिंक त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकली. त्यावर अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. बुकिंग एकही आलं नाही. मी निखिलला विचारलं की तो म्हणायचा, करतील हो मॅडम, गावची माणसं आहेत, टाइम लागतो. त्यात एका औषध कंपनीची कॉन्फरन्स त्याच तारखांना त्याच खोल्या मागत होती. दर तासाला मी लॅपटॉप उघडायचे आणि तोच आकडा बघून बंद करायचे. नवरा म्हणाला, तू घरात फेऱ्या मारतेस त्याने खालच्यांचा पंखा हलतो. मी त्याच्यावर खेकसले.

शेवटी त्या गुरुवारी मी निखिलच्या थोरल्या काकांनाच फोन लावला. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, आणि परबांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. फार गोड बोलले. मुंबईच्या गरमीचं विचारलं, माझं माहेर विचारलं. खोल्यांचं काढल्यावर म्हणाले, "तुमी आमची काळजी करू नकात. आमचा आमी बगतलव."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी लगेच सावंतकाकांना फोन करून खूशखबर दिली की परबांनी आपली सोय केलीय, ब्लॉक गेला तरी चालेल.

"मॅडम," काका म्हणाले, "जरा घरी येऊन जाता का?"

आवाज असा होता की मी चपला घालतच रिक्षा बघायला लागले.

भांडुपला पोचले तर काका दारातच उभे. हातात पेपर, त्याची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते. बसा म्हटलं तरी बसेनात. प्राजक्ता आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कॉलवर होती.

"आमचं आम्ही बघू म्हणजे काय, कळलं का तुम्हाला?" काका म्हणाले. "म्हणजे ते रात्रभर बसमध्ये बसणार, सकाळी थेट हॉलवर उतरणार. अक्षता टाकणार आणि त्याच बसने परत जाणार. निखिलच्या म्हाताऱ्या आजीला पण तसंच नेणार."

मग त्यांनी मला ते समजावलं, जे मला कळायला हवं होतं आणि शहरात राहून मी विसरून बसले होते. मुलाकडची माणसं आली की त्यांना उतरायला जागा द्यायची ती मुलीच्या बापाने. ते त्यांचं जानवस. घर असो, शाळा असो, देऊळ असो. जागा कशीही चालते, पण ती दिलेली असावी लागते. जानवसात आपली खोली आपणच बुक करायची, हे परबांच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

"आपण लिंक पाठवली, म्हणजे आपण त्यांना सांगितलं की तुमचं तुम्ही बघा," काका म्हणाले. "त्यांनी तेच आपल्याला परत सांगितलं."

मी म्हटलं, मग तुम्ही महिनाभर गप्प का होतात? मला खरंच राग आला होता.

ते आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलले. "खर्च सगळा पोरगी करते. मी कुठल्या तोंडाने सांगू, अजून कर म्हणून? मला काय बोलले तर बोलू देत. पण तिला त्या घरात सणावाराला जायचंय. पन्नाशीची होईल तरी तिला ऐकवतील, तुझ्या बापाने आम्हाला बसमध्ये झोपवलं."

प्राजक्ता दारात कधी आली कळलं नाही. हेडफोन गळ्यात. आधी ती भडकलीच. कोणी काही बोललं नाही तर मला कसं कळणार, निखिल पण बोलला नाही, बाबा तुम्ही पण नाही, मला काय स्वप्न पडणार होतं? तिचंही बरोबर होतं. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठी वाईटही वाटत होतं. वर घड्याळाकडे लक्ष.

मी म्हटलं, भांडण नंतर करा. उद्या दुपारच्या आत कर्टसीचा गॅरंटीड करून घेता येईल. अ‍ॅग्रीमेंटवर सही करावी लागेल, आणि कोण कुठल्या खोलीत ती नावं आपण द्यायची.

"आणि ते आलेच नाहीत तर?" तिने विचारलं.

"तर रिकाम्या खोल्यांचे पैसे तुझे."

तिने वडिलांच्या हातातल्या पेपरकडे बघितलं. त्याची आता पार घडीवर घडी होऊन चिंधी झाली होती. "बाबा, आप्पांना फोन लावा," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही अ‍ॅग्रीमेंट मागवा."

काकांनी शर्टाची वरची बटणं लावली आणि उभ्यानेच फोन लावला. घरात ते मालवणी कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. "आप्पा, जानवसाच्यो खोल्यो धरतंय. कोणाक खय ठेवचा ता तुमी सांगा. माका कळाचा नाय."

स्पीकरवर मागे कोंबडा आरवला. मग आप्पा म्हणाले, "ह्या पयलाच सांगूचा मा." म्हणजे, हे आधीच सांगायचं ना.

आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात. हे दोघे चुलतभाऊ बोलत नाहीत, त्यांना एका मजल्यावर नको. तो घोरतो, त्याला कोपऱ्यात टाका. आजीला लिफ्टची धडकी भरते, तिला खालीच ठेवा. लिहून लिहून माझा हात भरून आला. सावंतकाका प्रत्येक वाक्याला होय होय म्हणत होते आणि चेहऱ्यावर रंग येत होता.

आता शर्ली. तिला फोन लावला तर ती म्हणाली की तिच्या मॅनेजरने त्या खोल्या औषधवाल्यांना तोंडी देऊन टाकल्यात. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत त्या माझ्या आहेत ना? "कागदावर आहेत," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यात नाहीत." मी म्हटलं, कागद त्याच्या डोक्यावर ठेव. त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही.

शुक्रवारी सकाळी शर्ली त्याच्याशी भांडली. खरं सांगते, माझ्यापेक्षा जास्त भांडली. कट-ऑफच्या आधी सही झाली आणि खोल्या मिळाल्या, पण सगळ्या वरच्या मजल्यांवर. खालची एकही सुटेना. म्हणजे आजीचं काय? जिन्याने चढण्यासारखी एकच खोली आमच्याकडे होती, पहिल्या मजल्यावरचा नवरीचा सूट, जो हॉटेलच्याच लग्नाच्या हॉलबरोबर मिळाला होता.

मी प्राजक्ताला कळवायचं की नाही असा विचार करत होते. तिचाच मेसेज आला. "आजींना माझा सूट द्या. मी घरून तयार होऊन येते." मेकअपवालीने माझं डोकं खाल्लं, मला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचं ट्रॅफिक दिसायला लागलं, पण मी हो म्हटलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बस आली. हॉटेलवाले निळं सरबत घेऊन उभे होते. सावंतकाकांनी त्यांना बाजूला केलं आणि घरून आणलेलं गूळपाणी पुढे केलं. खोल्यांच्या चाव्यांची कार्डं शर्लीने रिसेप्शनवर न ठेवता काकांच्याच हातात दिली होती. त्यांनी एकेकाला हाक मारून ती स्वतः दिली. आप्पांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं, म्हणाले ही कसली चावी, आणि खिशात टाकलं.

लग्नाच्या सकाळी शर्लीने मला गाठलं. हसू दाबत होती. हाऊसकीपिंगचा रिपोर्ट होता की वरच्या बहुतेक खोल्यांतल्या चादरी मोडल्याच नाहीत. अख्खं परब खानदान आजीच्या सुटात आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये गाद्या ओढून झोपलं होतं. बोलत नसलेले चुलतभाऊ धरून.

मी कपाळावर हात मारला. एवढी मारामारी, आणि रिकाम्या खोल्यांची गॅरंटी! प्राजक्ता वेळेवर पोचली, मुहूर्त साधला, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. जेवणं उरकत आली तशी मी सावंतकाकांकडे गेले आणि एका दमात सांगून टाकलं की खोल्या कोणी वापरल्याच नाहीत.

ते दोन दिवसांत पहिल्यांदाच ताट घेऊन बसले होते. त्यांनी घास हातात धरून विचारलं, "पण चाव्या सगळ्यांनी घेतल्या ना?"

"घेतल्या."

"मग झालं," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.

आता मी कुठलाही ब्लॉक ठरवायच्या आधी मुलीच्या वडिलांना विचारते, चाव्या कोण देणार. आणि त्यांनी चहा तसाच ठेवला, तर लॅपटॉप बंद करून परत विचारते.