ध्रुव मी सरकवला

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे. जवळच्याच शाळेत मी विज्ञान शिकवते. घरामागं भाताची खाचरं. कापणी झाली की ती कोरडी आणि मोकळी होतात, आणि अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी हिंजवडीकडची आठ-दहा माणसं तिथं आकाशाचे फोटो काढायला यायची. पुण्याचा उजेड आमच्या पूर्वेला पडतो. पश्चिम अजून काळी आहे. आई त्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. मी सुरुवातीला नुसती बाजूला उभी राहून बघायची, मग शिकत गेले.

शिकले ती मुख्यतः एकच गोष्ट. दुर्बीण ज्याच्यावर बसते त्या माऊंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा. तो नीट लागला तर माऊंट आकाशाबरोबर फिरतो आणि फोटोत तारा टिंबासारखा येतो. जरा चुकला की टिंबाची रेघ होते. लोकांना वाटतं, ध्रुवतारा मधोमध आणला की काम झालं. पण खरा ध्रुव त्या ताऱ्याच्या किंचित बाजूला आहे, आणि तिथं डोळ्याला काहीच दिसत नाही. माऊंट त्या रिकाम्या जागेवर रोखायचा असतो. आमच्याकडून ध्रुवतारा फार खाली दिसतो, हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या तर जेमतेम तेवढ्या उंचीवर. धुरकट हवा असली की तोही गायब. मग दुसराच एखादा तारा धरून तो कुठं सरकतो ते बघत बाजूचे स्क्रू केसभर केसभर फिरवत बसायचं. मला ते जमायला लागलं.

हे मला पहिल्यांदा दाखवलं भूगावच्या काकांनी. बँकेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर फ्लॅटमध्ये एकटेच राहणारे. त्यांचा उजवा हात थरथरायचा. स्क्रू फिरवताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे.

गटाचा प्रमुख एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होता. माणूस हुशार, आणि ते त्याला माहीत होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर पश्चिमेला एक धूमकेतू आला होता. दिवस मावळल्यावर अंधार पडायचा आणि पाऊण तासात तो डोंगराआड जायचा. परत काही हजार वर्षांनी येणार होता, म्हणजे आमच्यासाठी नाहीच. त्या शनिवारी सगळे लवकर आले. संधिप्रकाशात पहिले तारे दिसायला लागले तसा प्रमुख माऊंट लावत होता. उत्तरेला धुरकट होतं, त्याला ध्रुवतारा सापडेना. मला दिसला. मी घाईत घरची बोली बोलून गेले, "सर, ह्यो बघा, हितं हाय."

तो सरळ उभा राहिला आणि माझ्याच आवाजात, नाकात बोलत म्हणाला, "ह्यो बघा, हितं हाय! ताई, शाळेत पोरांना असंच शिकवता? धुरव हितं हाय, लई ब्येस हाय?"

सगळे हसले. काकाही हसले. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून मला ते दिसलं.

त्यानं माऊंट लावला, दोनदा तपासला आणि सगळे चहाला ओसरीवर गेले. मी सामानापाशी थांबले. काका जरा अंतरावर आपली तिवई उघडत होते, पाठ माझ्याकडे. मी माऊंटच्या एका बाजूचा स्क्रू सैल केला आणि दुसऱ्या बाजूचा दीड फेरा पिळला. हाताला काहीच जड लागलं नाही. मग मी आत जाऊन आईला कप उचलू लागले. आई म्हणाली, "लई हासत व्हता त्यो."

पुरता अंधार पडला. त्याचा पहिला फोटो आला, त्यात सगळ्या ताऱ्यांच्या रेघा. त्याला आधी वाटलं वारा आहे. मग वाटलं मोटर अडकतेय. ध्रुवच सरकलाय हे कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. घाईघाईनं पुन्हा लावेपर्यंत धूमकेतू डोंगराला टेकला होता. बाकीच्यांचे फोटो छान आले. ते एकमेकांना स्क्रीन दाखवत होते आणि तो रिकाम्या आकाशाकडे दुर्बीण रोखून उभा होता. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मग तो वळला. "इथं कोण होतं?"

कुणीतरी म्हणालं, "काका होते."

"काका, तुमचा हात लागला?"

काकांनी आपल्या हाताकडे बघितलं. "मला नाही आठवत. तिवई घेऊन त्या बाजूनं गेलो होतो खरा. लागला असेल. माफ करा."

"माफ करून धूमकेतू परत येतो का? या वयात माणसानं घरी बसून टीव्ही बघावा. दुसऱ्यांचं नुकसान कशाला?"

काकांनी आणखी दोनदा माफी मागितली. मी चार हात अंतरावर उभी होते.

पंधरा दिवसांनी ते एकटेच आमच्याकडे आले, दुपारी. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, खरं सांग. तू तिथं होतीस. माझा धक्का लागला का? हात इतका बिघडला असेल आणि मला कळतही नसेल, तर मला गाडी चालवणं सोडायला हवं. म्हणून विचारतोय, राग मानणार नाही."

मला तेव्हा त्यांचं ते हसणं आठवलं. फार लहान हसणं होतं, बाकीच्यांच्या मागोमाग आलेलं. तरी मी म्हणाले, "लागला होता, काका. मी बघितलं."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. जाताना गाडी फाटकातून काढायला त्यांना तीन वेळा मागंपुढं करावी लागली. आधी ते एका दमात काढायचे.

त्यानंतर ते आले नाहीत. गाडी विकली आणि दुर्बीणही विकली असं ऐकलं. पुढच्या हिवाळ्यात समजलं की मुलीकडे नाशिकला गेलेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत.

ते कळलं त्याच शनिवारी मी प्रमुखाला सगळं सांगितलं. तो शिव्या देईल, येणं बंद करील असं धरून चालले होते. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"तू होय? बरंच झालं की. त्यांना कसं टाळायचं हेच मला कळत नव्हतं. सारखे मध्ये मध्ये यायचे." मग म्हणाला, "पुन्हा माझ्या माऊंटला हात लावायचा नाही हं." आणि जरा थांबून, "नाही, आज लाव. धुरकट आहे, मला दिसत नाहीये."

मी लावला. इतका अचूक त्याचाही कधी लागला नव्हता. कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवून काढलेल्या फोटोतही तारे गोल आले आणि त्यानं सगळ्यांना बोलावून ते दाखवले.

काकांचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.