आठव्या माळेची फुंकर

सुनंदाचं आणि माझं पटतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला? विरारच्या या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत आणि भांडणाशिवाय एक आठवडा सरला असेल तर शपथ! कधी कचऱ्याच्या डब्यावरून, कधी चपलांच्या स्टँडवरून, कधी मी श्रावणात तळलेल्या बोंबलांवरून. पण तिच्याबद्दल तिसरं कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. माझा नवरा एडवर्ड म्हणतो, "इझाबेल, तू तिची वकील आहेस की वैरीण?" मी म्हणते, दोन्ही. तुझं काय जातं?

बाई मूळची चांदीपची. भाताची शेती, दारात गाय आणि चुलीवरचं रांधणं. फुंकणीनं चूल फुंकून फुंकून तिची छाती अशी तयार झालीय, की तिनं गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली तर पुढच्या गल्लीतला रिक्षावाला थांबतो. नवरा गेल्यावर धनेशनं, तिच्या मुलानं, तिला इकडे आणलं. तो वालीवला एका कारखान्यात लेथ चालवतो. ती आली ती तांदळाचं पोतं, पाटा-वरवंटा आणि घरची देवी घेऊन. देव्हारा लागला स्वयंपाकघरात. वन बीएचकेमध्ये देवाला बेडरूम कोण देतो?

आणि दिव्याच्या बाबतीत तर विचारूच नका! एडवर्डच्या साठीला आम्ही केक आणला, त्यानं हौसेनं मेणबत्त्या फुंकल्या, तर ही सगळ्यांसमोर कडाडली, "अहो, दिवा फुंकतात का कधी? दिवा निमवायचा तर फुलानं निमवावा. तोंडानं फुंकला तो घराचा जीवच फुंकला!" एडवर्ड बिचारा सुरी हातात धरून उभा. केक मात्र हिनं दोनदा मागून खाल्ला.

पाइपचा गॅस आमच्या बिल्डिंगमध्ये आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद हिला. मीटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गॅसवाल्या पोराला विचारते, "संपनार कवा?" तो म्हणाला, "संपत नाही आजी, नळाच्या पान्यासारखा येत राहतो." तोही तिच्याच गावाकडचा असावा. ही हरखून इतकी हसली की तिचे डोळे भरून आले. ओल्या लाकडांचा धूर जन्मभर ज्याच्या डोळ्यांत गेला, त्यालाच ते कळायचं.

त्या पोरानं सगळं नीट समजावलं होतं, आम्हा दोघींना एकत्रच. स्वयंपाक झाला की नुसता बर्नर नाही, भिंतीवरचा कॉकही बंद करायचा. रबरी पाइप ताणायची नाही, दुमडायची नाही. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली बसतो. हा हलका, हा वर छताकडे जातो. म्हणून छताजवळ ती जाळी ठेवलीय, ती कधी बुजवायची नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला की काडी ओढायची नाही, बटणाला हात लावायचा नाही, ना चालू करायला ना बंद करायला. खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि लांब जाऊन स्टिकरवरच्या नंबरला फोन करायचा. सुनंदा "होय रे बाबा, होय" करत त्याला चहा देत होती. या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

आता खरी गोष्ट. धनेशची बायको रोशनी, गुणी पोर. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस त्या घरातून आवाज नाही, भांडायला सुनंदाही नाही. मला अन्न गोड लागेना. मग रोशनीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा सुनंदानं देवीला बोलून ठेवलं, नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा ठेवीन, एकदाही खंडू देणार नाही, माझ्या सुनेची ओटी सुखरूप भर. नवरात्र आलं तेव्हा रोशनीला आठवा लागलेला.

घट बसायच्या आदल्या दिवशी सुनंदानं स्वयंपाकघराचा कायापालट केला. ओट्यावर घटाला जागा हवी, म्हणून शेगडी पार टोकाला ओढली. पाइप ताणली गेली, ते कोण बघतो? दिवा ठेवला वर, देव्हाऱ्याच्या फळीवर. आणि आमच्याकडे अर्नाळ्याच्या समुद्रावरून वारा असा येतो की दोरीवरचे कपडे दुसऱ्याच्या गॅलरीत सापडतात. म्हणून खिडकी गच्च लावली आणि धनेशला स्टुलावर चढवून छताजवळच्या जाळीवर पुठ्ठा चिकटवून घेतला. दिवा शांत जळायला लागला. ती अभिमानानं मला दाखवते, "बघ बाय, ज्योत हलते तरी का?"

माझ्या भावाची वाडी आहे, झेंडू तिथलाच. घटावर रोज एक माळ चढते आणि ती नऊ दिवस माझ्याच फुलांची असते. ऑक्टोबर म्हणजे आमचाही रोझरीचा, जपमाळेचा महिना. मी फुलं द्यायची आणि तिनं मला साबुदाण्याचे वडे, असा आमचा करार आहे.

आठव्या माळेच्या दिवशी दुपारी मी फुलं घेऊन गेले, तर घरात वेगळंच नाटक! रोशनी हॉलमध्ये नाकाला ओढणी लावून बसलेली. "आंटी, सकाळपासून सांगतेय, अंडं सडल्यासारखा वास येतोय. कोणी ऐकत नाही."

"ऐकायचं काय?" सुनंदा आतून गरजली. "घट बसलेत आन् माझ्या घरात अंडं? गरवार बाईला सगल्याचाच वास येतो. मला धनेशच्या वेली गुलाबाचा पन वास सहन नव्हता व्हत." मग दारात येऊन माझ्याकडे बघून, "नायतर समोरून येत असंल."

झालं! मी फुलांची पिशवी आपटली. "समोरून? माझ्या घरी आज दुधी शिजलाय, दुधी! तुमच्या घटासाठी आम्ही पण आठ दिवस घासफूस खातोय, आणि वर हे ऐकायचं?"

"मग आला कुठून?"

"तुझ्या फ्रिजमधून आला असेल!"

"माझ्या फ्रिजमधून? ये, बघ! ये आत!"

मी तरातरा चप्पल काढून स्वयंपाकघरात गेले आणि जागीच थांबले. वास होता. आत धुपाचा दाट धूर कोंडलेला, पण त्याखाली तो घाणेरडा वास सरळ नाकात घुसत होता. सुनंदालाही आता तो आला असावा, कारण ती म्हणाली, "थांब, आनखी धूप घालते, पलतो का नाय बघू." आणि तिनं काडेपेटी उचलली.

"आई, नको!" रोशनी दारातून किंचाळली. "आई, गॅस आहे तो! तो मुलगा म्हणाला होता, सडक्या अंड्यासारखा!"

सुनंदाच्या एका हातात काडी, एका हातात पेटी. काडी पेटीला टेकलेली. तिनं काडी अशी सोडली जशी ती पेटलेलीच होती.

आणि मग आम्ही तिघींनी वर बघितलं. फळीवर दिवा. ज्योत तशीच शांत, ताठ. वर छताजवळ पुठ्ठा.

"आई, दिवा..." रोशनी म्हणाली. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते.

मी पुढे होऊ शकले असते. पण दुसऱ्याच्या देवाचा नवसाचा दिवा, मी कशी हात लावू? फुलानं निमवावा तर घटावरची माळ तोडायची नाही, आणि माझी फुलं पिशवीत, पिशवी बाहेर हॉलमध्ये. सुनंदा दिव्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, ही देवीला विचारत बसली तर आपण सगळे गेलो. "सुनंदा!" मी ओरडले.

तिनं टाच उचलली, तोंड दिव्याजवळ नेलं आणि फुंकर मारली. चुलीवर कमावलेली फुंकर! ज्योत तर गेलीच, घटावरची माळसुद्धा हलली.

आणि मग बाई सुटली! भिंतीवरचा कॉक खटकन बंद. खिडकी सताड. स्टुलावर चढून तो पुठ्ठा तिनं असा ओढला की चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे खाली. "बाय, तिला खाली ने! लिफ्ट नको, जिन्यानं! हलू!" गेल्या वर्षी एका कानानं आत घेतलेलं सगळं त्या क्षणी बाहेर आलं. म्हणजे दुसऱ्या कानानं काही सोडलं नव्हतं बाईनं.

आवाज ऐकून बाहेर आलेला एडवर्ड, जिन्यात अंधार म्हणून, दिव्याचं बटण दाबायला निघाला. मी अशी ओरडले की त्याचा हात हवेतच राहिला. "बेल पण नको! हातानं दारं ठोक!" बिचाऱ्यानं मुठींनी सगळी दारं बडवली. रोशनीला मधे धरून आम्ही एकेक पायरी उतरलो. मागून सुनंदा, दार उघडंच टाकून. घट बसले की घर रिकामं सोडत नाहीत, हे तिनंच मला शिकवलेलं. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

गेटच्या बाहेर जाऊन एडवर्डनं फोन लावला. धनेशला कळवलं. रोशनीला पाणी दिलं, तिनं हसून सांगितलं, "आंटी, लाथा मारतंय." जीव भांड्यात पडला! मी सुनंदाकडे वळले, तर ती वॉचमनच्या खुर्चीत बसून स्वतःच्या पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची एक जण कुजबुजली, मुद्दाम ऐकू जाईल अशी, "अष्टमीला अखंड दिवा विझला? आणि तोही नवसाचा? काही खरं नाही हो."

"तुमचं घर अजून उभं आहे ना?" मी म्हटलं. "मग वर जाऊन त्याच्या भिंती मोजा!" आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

गॅसवाले आले, वर गेले, बऱ्याच वेळानं आम्हाला बोलावलं. ताणलेली पाइप शेगडीपाशी सैल होऊन निसटत आली होती आणि कॉक दिवसभर उघडा. त्यांनी नवी पाइप बसवली, सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं. मग एकानं पुठ्ठा उचलून विचारलं, "हा जाळीवर होता? हा गॅस छतापासून खाली भरत येतो, आजी. दिवा कुठे होता?" सुनंदानं फळीकडे बोट दाखवलं. तो गृहस्थ पुठ्ठा दुमडून स्वतःबरोबर घेऊन गेला.

आता दिवा परत लावायचा की नाही? सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "मी फुंकलाय. माझ्या हातानं नाय लागायचा आता."

"मग मी लावते," रोशनी म्हणाली. "बाळ माझंच आहे ना?"

पण स्वयंपाकघरात नाही, असं तिनंच बजावलं. हॉलमध्ये कोपऱ्यात पाट मांडला. वारा मोकळाच येत होता, ज्योत टिकेना. मग मी घरी गेले आणि आमच्या आल्तारावर मदर मेरीपुढच्या दिव्याची काच काढून आणली. चपखल बसली! एडवर्ड कुरकुरला, पण मी म्हटलं, मेरीमाता समजून घेईल, तीही एका लेकराची आई आहे. ती काच सुनंदानं अजून परत केलेली नाही. मागितली की म्हणते, "देते की, पलून चालले का?"

रोशनीचे दिवस भरेपर्यंत सुनंदाचं काही खरं नव्हतं. वरून सगळं ठाकठीक, पण रोज सकाळी माझ्या दारात यायची आणि हळूच विचारायची, "बाय, तू काल तुझ्या माऊलीला सांगितलंस ना?" मी म्हणायची, सांगितलं गं, रोज सांगते. आम्ही त्या दिवसांत एकदाही भांडलो नाही. मला फार भीती वाटायची.

आणि पोर झाली! मुलगी, ठणठणीत, काळ्याभोर केसांची! हॉस्पिटलच्या जिन्यात सुनंदानं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. चांदीपहून सगळा गोतावळा आला. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि सुनंदाची थोरली नणंद, पिकल्या केसांची, खड्या आवाजाची, सगळ्यांसमोर विचारते, "काय गं सुनंदा, खरं काय ते? अष्टमीला तुझा नवसाचा दिवा इझला व्हता म्हने?"

मी उठलेच होते. सुनंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. पाळण्यातून पोर उचलली आणि नणंदेच्या मांडीवर नेऊन ठेवली. पोरीनं असा टाहो फोडला की मला वाटलं, छाती आजीवर गेलीय.

"इझला नाय वन्स, मी फुंकला," सुनंदा म्हणाली. "हिच्यासाठी लावला व्हता, हिच्यासाठीच फुंकला. आता घ्या तिला, आन् गप करा बघू."