नागोठणे ते पेण

भाऊकाकांचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू जाई, पण गाडीची चावी फिरवली की तो पार खाली यायचा. माझ्या वडिलांचे ते थोरले भाऊ. जेवताना, भांडताना, आरती म्हणतानासुद्धा गर्जणारा हा माणूस स्टिअरिंगमागे बसला की कुजबुजल्यासारखा बोलायचा, तेही विचारलं तरच. "चाकामागं बसलो का मी कोनाचा कोन नाय," असं ते म्हणत. "डायवर हाय. घरी पोचलो का काका."

ही शिस्त त्यांना हमरापूरने लावली होती. गणपतीच्या आधी दोन महिने ते तिथल्या कारखान्यांतून टेम्पोत मूर्ती भरून गावोगाव पोचवत. खड्ड्यांतून गाडी अशी काढत की पेंढ्यात बसवलेल्या मूर्तीचं बोटही दुखावत नसे. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "मूर्तीचा हात मोडला तर जोडून रंग मारता येतो. मानसाचा कोन जोडल?"

सुट्टीत ते आम्हा चार पोरांना जीपमधून रोह्याला, काकूच्या माहेरी न्यायचे. आम्ही दोघं भावंडं, आणि काकांची सुमन आणि तिचा धाकटा भाऊ. एकदा कासूजवळ कडेच्या जागेवरून माझी आणि माझ्या भावाची जुंपली. काका रागावले नाहीत. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि उतरून मैलाच्या दगडावर जाऊन बसले. काकांची बहीण, आमची आत्या, सोबत होती. ती म्हणाली, तिकडे जेवणं खोळंबतील. काका म्हणाले, आधी ह्यांचं आटपू दे. आमचं लगेच आटपलं.

नव्वदीच्या सुरुवातीची ती दिवाळी. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रोह्याहून निघालो. काकू पुढे काकांच्या शेजारी, तिच्या मागे मी, माझ्याजवळ सुमन. आत्याला गाडी लागायची, म्हणून ती अगदी मागे तोंड बाहेर काढून बसलेली. काकूच्या पाठीत सकाळपासून दुखत होतं. फराळाचं पित्त असेल म्हणून तिने लिंबूपाणी घेतलं होतं. भिसे खिंड उतरताना तिने छातीला हात लावला आणि म्हणाली, "अहो, जीव घाबरतोय."

"नागोठण्याला थांबतो गो," काका म्हणाले. गाडीचा वेग वाढला, पण वळणावर आम्हाला एक हिसका बसला नाही.

नागोठण्याला दिवाळीमुळे दवाखाने बंद होते. एकाच डॉक्टरांचं दार उघडं सापडलं. ते गाडीपाशीच आले, वाकून नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि काकांना पायरीकडे घेऊन गेले. काका रांजणातल्या पाण्याने तोंड धुऊन परत आले. काकूच्या मानेखाली त्यांनी आपला पंचा घडी करून ठेवला आणि तिचीच शाल तिच्याभोवती घेऊन सीटला बांधली. आत्याला सांगितलं, सुई दिलीय, झोप लागलीय, पेणला नेतोय.

वडखळला गाड्यांची रांग लागली होती. डोलवीच्या कंपनीचे ट्रक, सुट्टीहून परतणाऱ्या गाड्या, सगळे एकमेकांत घुसत होते. एका ट्रकवाल्याने काकांना शिवी दिली. काकांनी त्याला वाट दिली. सुमनला तहान लागली होती. पाण्याची बाटली काकूच्या पायाशी. ती पुढे वाकली.

"आईला हात लावू नको, सुमन," काका आरशात बघून म्हणाले. "झोपू दे तिला."

मी सुमनला मागे ओढलं. काकूचा हात सीटवरून घसरून खाली लोंबत होता आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर नुसता हलत होता. झोपलेल्या माणसाचा हात तसा हलत नाही. मी अकरा वर्षांची होते. मला कळलं. मी सुमनला मांडीवर घेतलं आणि पेण येईपर्यंत तिच्याशी भेंड्या खेळत राहिले.

पेणला काकांच्या दारात गाडी थांबली. काकांनी माझ्या वडिलांना हाक मारून पोरांना शेजारी न्यायला सांगितलं. शेवटचं पोर उतरल्यावर त्यांनी काकूला नावाने हाक मारली. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. वडिलांनी एकेक बोट सोडवलं.

दहाव्याला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बायको मेलेली शेजारी ठेवून गाडी हाकली यानं. मानूस नाय हा, दगड हाय." आम्हाला घेऊन काकांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. आईच्या अंगाला शेवटचा हात लावू दिला नाही, हे सुमनच्या मनातून गेलं नाही. ती त्यांना वेळेवर वाढायची, पण त्यांच्यासमोर थांबायची नाही.

दशक संपता संपता माझं लग्न ठरलं. त्या उन्हाळ्यात काका फार खंगले होते. मी भेटायला गेले तेव्हा पायरीवर बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, "तवा सांगाया पायजे होतं का गो?"

मी म्हटलं, "मला माहीत होतं, काका. वडखळपासून."

"मंग बोलली का नाय?"

"तुम्ही गाडी चालवत होतात."

त्यांनी मान खाली घातली. "म्हंजे एकटा नव्हतो मी," असं काहीसं पुटपुटले आणि पंच्यात तोंड घालून रडले. काकू गेली त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

सुमन चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि येऊन बापाला लागून पायरीवर बसली.