इवाईंनी पारखलेलं रक्त

जगात जेवढा म्हणून संशय आहे, त्यातला निम्मा आमच्या इवाईंनी एकट्याने घेऊन ठेवलाय, आणि उरलेल्या निम्म्यात बाकीचं जग कसंबसं भागवतं. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. सोयरीक जुळवायला सेलूहून आमच्या पिंगळीला आले, तेव्हा पोरगी बघायच्या आधी त्यांनी आमच्या माठातलं पाणी बघितलं. चहा दिला तर बशीत ओतून उजेडाकडं धरला. मी दाराआडून म्हटलं, "काय पडलंय का त्यात?" तर म्हणाले, "न्हाई पडलं. पण न्हाई पडलं हे बी बघावंच लागतंय की." आमच्या घरच्यांचं तोंड उतरलं. मला मात्र हसू आलं, आणि तेव्हापासून त्यांचं माझं जमलं.

तसा त्यांचा दोष नाही. सगळा जन्म सेलूच्या बाजारात कापूस पारखण्यात गेला. गाडीत वर पांढराशुभ्र माल आणि पोटात पाणी मारून जड केलेला, असली गंमत त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा बघितली की वरच्या गोष्टीवरचा त्यांचा विश्वासच उडाला. खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचा, मधली मूठ ओढायची, अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, मग सरकी दाताखाली फोडायची. कट्टकन वाजली तर माल कोरडा, नुसती दबली तर ओल. आता ही सवय बाजारात ठेवून घरी यावं ना माणसानं? पण नाही. भाकरी टोपल्यातली वरची घेणार नाहीत, मधली ओढणार. पेपर मधल्या पानापासून वाचणार, पहिल्या पानावर म्हणे दाखवायचा माल असतो. लग्नात आम्ही आहेर केला, तर भर मांडवात धोतराच्या घड्या मोडून मधला पन्हा बघितला. लेकीनं मला सांगितलं, सासरे देवाला हात जोडतात तेव्हासुद्धा एक डोळा उघडा असतो.

अशा माणसाचं काळीज थकलं. जिना चढला की धाप, संध्याकाळी पाय सुजलेले. परभणीच्या डॉक्टरांनी छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि सांगितलं, ठोके एकसारखे पडत नाहीत, हृदयाची ताकद कमी झालीय, म्हणून अंगात पाणी साठतंय, रोज वजन करत जा. एवढं एकच त्यांना पटलं. "म्हंजे मी पाणी मारलेला कापूस झालो म्हणा की." रोज सकाळी काट्यावर उभे राहायचे, पण आधी त्यावर दुकानातलं माप ठेवून काटाच तपासायचे. मनगट धरून ठोके बघायचे, आणि ठोका चुकला की भिंतीवरच्या घड्याळाकडं रागानं बघायचे, तेच अडखळलं असणार म्हणून. गोळ्या मात्र मनाला येईल तेव्हा, आणि त्याही पाकिटाच्या मधून फोडून. कडेच्या गोळीचा भरोसा नाही.

त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई असल्या दुखण्यांवर संशोधन करायच्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं फार निवांत. त्यांनी समजावलं, की हृदयावर ताण पडला की त्याच्या स्नायूतून एक बारीकसं प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजलं की ताण किती ते कळतं. अशाच आणखी खुणा रक्तात सापडतात का, म्हणजे हृदय थकायच्या आधी, ठोके बिघडायच्या आधी सावध होता येईल, ते त्या शोधत होत्या. इवाईंचा आकडा खूप वर गेलेला. लेक-जावयासमोर बाईंनी स्पष्ट सांगितलं, गोळ्या नेमानं घेतल्या नाहीत तर हे दुखणं जिवावर बेतेल.

इवाई म्हणाले, "काळीज छातीत आन् सुई दंडात. गाडी गंगाखेडला उभी आन् मूठ सेलूत भरायची, अशी कुठं पारख असती का?"

"आजोबा, रक्त सगळीकडं तेच फिरतं."

"मंग दुसऱ्या हाताचं बी काढा. बघू तेच येतंय का."

बिचारीनं काढलं. आकडा जवळपास तोच आला. इवाई म्हणाले, मशीनला पाठ झालाय.

मग त्यांनी बाजारातली रीत काढली. एका ढिगावरून भाव ठरत नाही, शेजारी चांगल्या मालाचा ढीग लावावा लागतो. "आमच्या इहीणबाईंचं रक्त काढा. त्या कधी आजारी पडल्या न्हाईत, खणखणीत माल हाय. त्यांचा आकडा खाली आला तर जल्मभर गोळ्या खाईन. त्यांचा बी वर आला तर मशीन खोटं, आन् गोळ्या उकिरड्यावर." इहीणबाई म्हणजे मी, त्यांची विहीण. डॉक्टरीणबाईंना ते चाललं. तुलनेसाठी ह्या वयाची निरोगी माणसं त्यांना हवीच होती. लेकीचा रडवेला फोन आला, "आई, ये गं लवकर. सगळं तुझ्यावर हाय."

मी गेले. मला काय धाड भरली होती? पिंगळीच्या स्टेशनावर पायऱ्या चढताना हल्ली मध्येच थांबायला लागायचं, पण ते वयानं होतं असं मी ठरवून टाकलेलं. इवाई माझ्या रक्ताच्या नळीवर नजर ठेवून उभे. नर्सबाई म्हणाली, "बाबा, जरा सरका की." हे म्हणाले, "सरकलो की माल बदलतो."

आणि आकडा वर आला.

त्यांच्याएवढा नाही, पण असायला हवा त्याहून बराच वर. मग माझी पट्टी काढली, छातीची तपासणी केली. माझेही ठोके वेडेवाकडे पडत होते. मलाही गोळ्या लिहून दिल्या.

सेलूला घरी आलो. पैज इवाई जिंकलेले. लेक भिंतीला टेकून उभी, जावई खाली मान घालून. मला त्या घटकेला माझ्यापेक्षा लेकीचं वाईट वाटलं, एका फटक्यात आई आणि सासरा दोघंही आजारी. मग मला रागच आला. म्हटलं, "बरं झालं इवाई. मशीन खोटं निघालं. तुमच्या बी गोळ्या बंद आन् माझ्या बी."

इवाई उठले. खुर्ची सरकवून माझ्यासमोर आले आणि खाली बसले. आमच्यात इवायानं इहिणीच्या अंगाला बोट लावायची रीत नाही. लेकीच्या लग्नापासून त्यांनी माझ्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा थेट घेतलेला नाही, मी खाली ठेवायचा आणि त्यांनी उचलायचा. त्या माणसानं माझं लुगडं घोट्यावर जरासं सारलं आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला. खड्डा तसाच राहिला. ते त्या खड्ड्याकडं बघत बसले, तो भरून येईपर्यंत.

"ओल हाय," म्हणाले.

मग उठून सुनेला म्हणाले, "माझ्या गोळ्या आण. आन् तुझ्या आईच्या बी."

मी म्हटलं, "पण मशीन खोटं हाय ना?"

"मशीनचं काय घिऊन बसलात. आता मी पारखलंय."

त्या दिवसापासून त्यांनी गोळी चुकवली नाही, आणि मला चुकवू दिली नाही. संध्याकाळी मोबाईलवर चेहरा दाखवून फोन यायचा. मी रिकामं पाकीट दाखवायची. तेवढ्यानं भागायचं नाही. "जीभ वर करा. गालात ठिवली असंल." शेजारणी हसायच्या, ह्या वयात बाई फोनपुढं जीभ काढून कुणाला दाखवायलीय म्हणून.

परवा ते पिंगळीला आले. जावयानं हाताला धरून आणलं. अंगरखा अंगाला मोठा व्हायला लागलाय. मी चहा दिला. त्यांनी बशी उजेडाकडं धरली नाही, तशीच प्याले. जेवायला बसले तर टोपल्यातली वरचीच भाकरी उचलली. माझा हात थांबला.

"इवाई, बघितलं न्हाई तुमी?"

"तुमच्या घरी काय बघायचं इहीणबाई."

हे वाक्य ऐकायला मी एवढी वर्षं थांबले होते, आणि ऐकलं तर भीतीच वाटली, पारखायची ताकद सरली की काय. उठून त्यांच्याजवळ गेले, रीतभात गेली चुलीत, आणि त्यांचं मनगट धरलं. ठोका पडला, पडला, मग एक चुकला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, तेच अडखळलं असेल म्हणून.